अडचणीची वेळ कोणाच्या वाट्याला?

पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी पाळी भरते आणि गुरुवारी वसाहत शांत. मुलांची सुट्टी एका वारी, वडिलांची दुसऱ्या, याची तिथल्या घरांना इतकी सवय झाली आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला वाटते, दत्ताचा वार म्हणून असेल. कारण मात्र विजेचे आहे. सगळ्या औद्योगिक वसाहती रविवारी बंद ठेवल्या तर त्या दिवशी वीज पडून राहते आणि उरलेले सहा दिवस पुरत नाही. म्हणून टंचाईच्या काळात वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. टंचाई सरली, वार चिकटून राहिला.

वीज कंपन्या ग्राहकांची मागणी कशी सांभाळतात, हे महाराष्ट्रापुरते पाहायचे तर सुरुवात इथूनच करावी. तंत्र, दर, मीटर आणि नियम यांचा सगळा पसारा बाजूला सारला की खाली एक साधा व्यवहार दिसतो. अडचणीची वेळ कोणाच्या तरी वाट्याला द्यावी लागते. ती कोणाला द्यायची हे कधी दरपत्रक ठरवते, कधी आयोगाचा आदेश, तर कधी उपकेंद्रातला ऑपरेटर.

अशी वेळ मुळात येते, कारण वीज तयार झाली त्याच क्षणी वापरली जावी लागते. देशाचे ग्रीड ५० हर्ट्झ वारंवारतेवर चालते. मागणी वाढून निर्मिती तेवढीच राहिली की वारंवारता घसरते, उलट झाले की चढते. ४९.९० ते ५०.०५ हा सध्याचा मान्य पट्टा. ती ४९.४ पर्यंत कोसळली, तर रिले टप्प्याटप्प्याने फीडर, म्हणजे भागाभागाच्या वीजवाहिन्या, तोडू लागतात. ऐरोली-कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा अंदाज आदल्या दिवशीच बांधलेला असतो. अंदाज चुकला की कुठला तरी संच चढवायचा, कुठला उतरवायचा, आणि काहीच हाताशी नसेल तर ग्राहक उतरवायचा.

मागणी अचानक घटली तरी धोका तितकाच, हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री घराघरात कळले. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद ठेवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. तेव्हाचे राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सगळे दिवे एकदम मालवू नका असे सांगितले, तेव्हा अनेकांनी त्यात राजकारणच पाहिले. प्रत्यक्षात देशाची मागणी त्या काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली. ग्रीड टिकले, कारण तयारी आधीपासून होती. मागणी उतरत गेली तशी जलविद्युत संचांनी आपली निर्मिती सुमारे १७,५०० मेगावॅटने खाली आणली आणि नऊ मिनिटे संपताच पुन्हा वर नेली. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. तो तापायला आणि निवायला तास घेतो.

आपल्याकडे हे काम कोयना करते. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प चोवीस तास चालवला तर पाणी पुरणार नाही, कारण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवायचे, ही पिढ्यांची रीत. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आणि टाटांचा भिऱ्याचा १५० मेगावॅटचा संच स्वस्त विजेवर पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी खाली सोडतात. पण राज्याची मागणी महावितरणच्याच क्षेत्रात २५,००० मेगावॅटच्या पुढे गेली आहे. त्यापुढे ही सोय अपुरीच. उरलेले काम ग्राहकाकडूनच करून घ्यावे लागते.

ते करून घेण्याची सर्वांत ओबडधोबड पद्धत म्हणजे भारनियमन. चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला आणि वीज महाग पडते म्हणून २००१ साली बंद पडला. तेव्हा राज्यात वीज जास्त झाली असे म्हटले जात होते. चार-पाच वर्षांत चित्र इतके फिरले की टंचाई हजारो मेगावॅटच्या घरात गेली आणि ग्रामीण भागात बारा-बारा तास अंधार होऊ लागला. नवे प्रकल्प उभारायला लागणारा वेळ आणि मागणी वाढायला लागणारा वेळ यांचा मेळ कोणी घातलाच नव्हता. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्माला आली, ती हे ओझे डोक्यावर घेऊनच.

मग हा अंधार वाटायचा कसा? नियामक आयोगासमोर आलेले उत्तर असे, की ज्या फीडरवर वीजचोरी, गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमन जास्त. गट पाडले गेले आणि तळाच्या गटातल्यांना सर्वाधिक तास मिळाले. हिशेबाच्या दृष्टीने यात तर्क आहे. ज्या विजेचे पैसे येत नाहीत तीच आधी तोडायची. पण फीडर म्हणजे एक माणूस नव्हे. एकाच वाहिनीवर आकडे टाकणारा असतो, तसा दर महिन्याला रांगेत उभा राहून बिल भरणाराही असतो आणि अंधार दोघांना सारखाच. मागणी सांभाळण्याचे काम आणि वसुलीचे काम एकाच स्विचला जोडले गेले, ते अजून पूर्ण सुटलेले नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाची टंचाई झाली, तेव्हाही पहिली कुऱ्हाड जास्त गळतीच्या जी गटातल्या फीडरवरच पडली.

त्याच टंचाईच्या काळात दोन प्रयोग झाले आणि दोन्ही आज विस्मरणात गेले आहेत. मला ते भारनियमनाच्या सगळ्या वेळापत्रकांपेक्षा जास्त बोलके वाटतात.

पहिला अक्षय प्रकाश योजनेचा. गावाने मिळून ठरवायचे की संध्याकाळच्या वेळी कोणी मोटार, गिरणी, हीटर किंवा शेगडी चालवणार नाही. त्या बदल्यात महावितरण गावाची वीज तोडणार नाही. दिवे, पंखे, टीव्ही चालू राहतील. लक्ष ठेवायला गावातलीच समिती. एकाने चोरून मोटार लावली तर भार वाढतो आणि सगळ्या गावाचे दिवे जातात, त्यामुळे पहारा शेजाऱ्यांचा. यंत्र नाही, नवा मीटर नाही, निव्वळ करार. कागदावर भाबडी वाटणारी ही योजना बऱ्याच गावांत खरोखर चालली. मुलांना दहावीचा अभ्यास दिव्याखाली करता येतो आहे हे दिसले की माणसे मोटार तासभर थांबवतात. मात्र जिथे गावकी दुभंगलेली होती तिथे ती टिकली नाही. पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा कराराची जागा तारेने घेतली. गुजरातमध्ये ज्योतिग्राम योजनेने हे आधीच केले होते. गावाला पूर्ण वेळ वीज, शेतीला ठरावीक आठ तास, दोन्हींच्या वाहिन्या निराळ्या.

दुसरा प्रयोग पुण्याचा, २००६ सालचा. शहराला कमाल मागणीच्या वेळी सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते, एरवी बंद पडलेले. सीआयआय या उद्योगसंघटनेने सुचवले की टंचाईच्या तासांना कारखान्यांनी आपले जनरेटर चालवावेत, ग्रीडमधून तेवढी वीज कमी घ्यावी आणि वाचलेली वीज शहराला मिळावी. डिझेलचा जादा खर्च महिन्याला ३०० युनिटांहून जास्त वापरणाऱ्या ग्राहकांकडून युनिटमागे ४२ पैसे आकारून भरून काढायचा. आयोगाने मान्यता दिली आणि पुणे भारनियमनमुक्त झाले. आज जगभर ज्याला ‘डिमांड रिस्पॉन्स’ म्हणून गौरवले जाते, ते पुण्याने त्याचा फार गाजावाजा न करता करून दाखवले. पण त्याची दुसरी बाजू सांगायला हवी. शहराने पैसे मोजून आपल्या वाट्याचा अंधार परत केला, तेव्हा मुळशी-वेल्ह्याच्या वाड्यांना तो पर्याय नव्हता. टंचाई नाहीशी झाली नव्हती, तिचा पत्ता बदलला होता.

तो पत्ता बहुतेक वेळा शेताचा असे. शेतीपंप हा महाराष्ट्रातला मागणी-व्यवस्थापनाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा अध्याय आहे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप. बरीच वर्षे त्यांचे बिल अश्वशक्तीवर, म्हणजे मोटार किती वेळ चालली याच्याशी संबंधच नाही. मीटरच नसेल तर दर कमी-जास्त करून मागणी हलवता येत नाही. २००४ मध्ये वीज मोफत झाली, वर्षभरात पुन्हा सुरू झालेली बिले थकत गेली आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज परत मोफत झाली. अशा ग्राहकावर कंपनीच्या हातात एकच साधन उरते, फीडरचा स्विच. म्हणून तीन फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री, आलटून पालटून, चक्राकार. रात्री शहर झोपते, कारखान्यांचा भार उतरतो आणि कोळशाचे संच रिकामे फिरतात. ती दरी शेतकऱ्याने भरून काढली.

त्याची किंमत विजेच्या कुठल्याही हिशेबात नसते. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत रात्री दोन वाजता बांधावर उभे राहायचे, दारे धरायचे, अंधारात पाय कुठे पडतो ते बघायचे. सर्पदंश हा जुना धोका. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यातल्या उसाच्या फडांत त्यात बिबट्याची भर पडली. २०२२ साली शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले, ते दिवसा दहा तास विजेसाठी. तेव्हा मागणीतला मुख्य शब्द ‘दहा’ नव्हता, ‘दिवसा’ होता.

आणि माणूस स्विचला शहाणा होतो. वीज कधी येईल याचा भरवसा नाही म्हटल्यावर मोटारीला ऑटोस्विच बसले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला. पण एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की पहिल्या झटक्यालाच भार झेपत नाही आणि डीपी जळतो. मग वर्गणी, ट्रॅक्टर, उपविभागाच्या चकरा, तोवर पीक सुकते. तीन फेज बंद असताना गावाच्या दिव्यांसाठी सिंगल फेज ठेवली, तर कपॅसिटर जोडून त्यावरही मोटारी चालवल्या गेल्या. याला नुसती बेशिस्त म्हणणे सोपे आहे. ज्याला वेळ निवडायची मुभाच दिली नाही, तो मिळेल त्या फटीतून वेळ काढणार.

कारखानदाराशी कंपनीचे बोलणे याच्या अगदी उलट भाषेत होते. तिथे स्विच नाही, पैसे आहेत. या दराची मुळे इंग्लंडमधल्या ब्रायटनला सापडतात. आर्थर राइट या अभियंत्याने तिथे ग्राहकाने एका वेळी सर्वाधिक किती वीज ओढली ते नोंदवणारा मीटर बनवला होता. १८९४ साली शिकागोच्या सॅम्युएल इन्सलने तो पाहिला आणि त्यावर आपल्या कंपनीचे सगळे दर उभे केले. कंपनीचा खर्च ग्राहकाच्या एकूण वापराने जितका वाढतो, तितकाच त्याच्या शिखराने वाढतो, हे त्यातले इंगित. आपल्याकडे उच्चदाब ग्राहकाच्या बिलात केव्हीएमध्ये मोजलेला ‘एमडी’, म्हणजे कमाल मागणीचा आकडा, असतो तो तोच. महिन्यातल्या एका अर्ध्या तासाने तो ठरतो, म्हणून सगळी यंत्रे एकदम सुरू करणाऱ्या फोरमनवर मालक ओरडतो.

त्याच्या जोडीला ‘टीओडी’, म्हणजे तासागणिक दर. बरीच वर्षे त्याचे गणित असे होते : रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी ९ ते दुपारी १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते रात्री १० एक रुपया दहा पैसे जादा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि जालन्याच्या पोलाद भट्ट्यांनी आपला दिवस या आकड्यांवर रचला. भट्टी रात्री पेटवायची, ओतकाम रात्री. रात्रपाळी कामगाराची झाली हे खरे, पण तिला भत्ता होता आणि निर्णय मालकाने वही बघून घेतला होता. शेतकऱ्यालाही रात्रच मिळाली, पण त्याच्यापुढे कोणी वही ठेवली नव्हती.

घरगुती ग्राहकाला या सगळ्यात जवळजवळ कोणी काही विचारलेच नाही. त्याचा भार हलवण्यापेक्षा कमी करण्यावर भर राहिला आणि तिथे यशही मोठे आले. २०१५ च्या उजाला योजनेने घाऊक खरेदी करून एलईडी दिव्याचा खरेदीभाव दोन वर्षांत तीनशे रुपयांवरून चाळीसच्या आत आणला आणि देशभर ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले. हे दिवे संध्याकाळीच लागतात, म्हणजे बचत थेट शिखरावरच. कोणाला उपदेश नाही, वेळ बदलणे नाही. मागणी-व्यवस्थापनातला इतका बिनबोभाट उपाय दुसरा दाखवता येणार नाही. एसीचे मूळ तापमान २०२० पासून २४ अंश ठेवण्याचा नियम त्याच जातीचा. बहुतेक लोक जे आधीपासून लावलेले असते ते बदलत नाहीत.

इतर देश घरातल्या माणसाशी अधिक थेट बोलतात. न्यूझीलंडमध्ये पाणी तापवायच्या टाक्या कंपनी तारेतून इशारा पाठवून दुरून बंद-चालू करते. आंघोळीचे पाणी गरमच असते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. फ्रान्समध्ये ‘टेम्पो’ दरात वर्षाचे ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवस थंडीतले, आदल्या दिवशी कळवलेले आणि भाव डोळे पांढरे करणारा. कॅलिफोर्नियात ६ सप्टेंबर २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत संध्याकाळी पावणेसहाला लाखो मोबाइलवर इशारा वाजला, की अनावश्यक वीज बंद करा. थोड्याच वेळात मागणी सुमारे दोन हजार मेगावॅटने उतरली आणि त्या दिवशी भारनियमन टळले. अक्षय प्रकाशच्या गावकऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी हेच केले होते, फक्त त्यांना मोबाइल लागला नव्हता.

आता हे सगळे घड्याळ सूर्याने उलटे फिरवले आहे. सौर वीज दुपारी मुबलक आणि स्वस्त, संध्याकाळी शून्य. दुपारी ग्रीडला ग्राहक हवा असतो, सात वाजता तोच नको होतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्क्यांनी कमी ठेवायला सांगितले. राज्यातही दरपत्रकाने बाजू बदलली. सवलत आता रात्रीची नाही, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची. ज्या भट्ट्या पंचवीस वर्षे रात्री पेटत होत्या त्यांना पुन्हा नवे वेळापत्रक मांडावे लागते आहे, आणि रात्रीच्या सवलतीवर विसंबून गुंतवणूक केलेल्या उद्योजकाची तक्रार मला वाजवी वाटते.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र या उलटापालटीने जे घडते आहे ते एरवी घडले नसते. शेतीचे फीडर सौर विजेवर चालवावेत, ही मांडणी पुण्याचा प्रयास ऊर्जा गट बरीच वर्षे करत होता. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही तिची पहिली ठिकाणे. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट, उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि युनिटचा भाव तीन रुपयांच्या आसपास. वेगळे काढलेले फीडर इथे कामी आले. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आहे ती त्याच्या आंदोलनामुळे काही प्रमाणात, पण मुख्यतः ती दुपारीच सर्वांत स्वस्त पडू लागली म्हणून. काल रात्रीची दरी भरणारा पंप आज दुपारचा डोंगर उपसतो आहे. एक काळजी राहते. वीज फुकट, वेळ सोयीची आणि मोजमाप नाही, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की विहिरीतले पाणी कोण मोजणार?

उरतो घरगुती ग्राहक. महावितरणने स्मार्ट मीटर बसवायला घेतले, प्रीपेडच्या भीतीने जोरदार विरोध झाला, सर्वसामान्यांना प्रीपेड नाही असे सरकारला सांगावे लागले आणि तीच यंत्रे आता ‘टीओडी मीटर’ म्हणून पोस्टपेड पद्धतीने लागत आहेत. २०२५ पासून असा मीटर असलेल्या घराला ९ ते ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सूट. आजवर घराला कोणी वेळेचा भाव सांगितला नव्हता, त्यामुळे हे पाऊल लहान नाही. पण घरातल्या कामाची वेळ घरच ठरवते असे थोडेच आहे? सोसायटीच्या टाकीत पाणी चढवायची मोटार हा इमारतीचा मोठा भार. ती पालिका पाणी सोडते तेव्हा चालते, मग ते पहाटे पाच असो. वॉशिंग मशीन दुपारी लावायचे तर दुपारी कोणी घरी हवे, आणि ते कोणी म्हणजे बहुतेक घरांत कोण, हे सांगायला नको. नोकरी करणाऱ्या जोडप्याचा सगळा वापर सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, म्हणजे सवलतीच्या नेमक्या बाहेर.

इलेक्ट्रिक गाड्यांत हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. गाडी हा घरगुती भार असा, की जो आठ तास मागे-पुढे केला तरी कोणाचे काही बिघडत नाही. दुपारी ती ऑफिसखाली उभी असते, तिथे सौर वीज वाहते आहे पण चार्जर सहसा नाही. चार्जर असतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तिथे ती रात्री आठला येते आणि मालक प्लग लावून वर जातो. महावितरणला त्याची मागणी हलवायची असेल तर चार्जर कुठे बसतो, त्याचे बिल कोणाच्या नावावर येते आणि कंपनीच्या पार्किंगमधल्या मीटरवरची सवलत गाडीवाल्यापर्यंत कशी पोचते, हे आधी सोडवावे लागेल. त्यातले पहिले काम महावितरणचेही नाही, बांधकाम परवाना देणाऱ्या पालिकेचे आहे.